पायलट इंजिन

निवृत्तीनंतर राजेश्वरअप्पा एकलारे यांची कुणी कशासाठीही निवड केली नव्हती. कॉलनीच्या पाणी समितीत त्यांना घेतलं नव्हतं, आणि समाजाच्या वधू-वर मेळाव्यात तर त्यांच्या हातात शिट्टी देऊन त्यांना गाड्या लावायच्या मैदानात उभं केलं होतं. त्यामुळे एका बुधवारी दुपारी फोनवर ‘अभिनंदन, आपली निवड झाली आहे’ अशी अक्षरं आली, तेव्हा अप्पांनी चष्मा पुसला, परत लावला आणि ती अक्षरं सावकाश तीनदा वाचली.

फोनच्या कंपनीनं नवी ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली होती. सगळ्या लोकांना ती तीन महिन्यांनी मिळणार होती. पण काही निवडक ग्राहकांनी ती आधीच, म्हणजे कच्ची असतानाच वापरून बघावी आणि तिच्यातल्या खोडी कंपनीला कळवाव्यात, अशी योजना होती. या कच्च्या अवताराला बीटा म्हणतात. ज्यांना पाहिजे असेल त्यांनी रविवारपर्यंत होकार द्यायचा होता.

सदतीस वर्षं स्टेशन मास्तरकी केलेला माणूस असा होकार उठल्यासुटल्या देत नाही. पुढच्या स्टेशननं ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय अप्पांनी चुडाव्याच्या स्टेशनावरून साधी मालगाडीसुद्धा कधी सोडली नव्हती. त्यांनी कपाटातलं एक कोरं रजिस्टर काढलं, पहिल्या पानावर ‘विषय: बीटा घ्यावा किंवा कसे’ असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि तज्ज्ञांची मतं गोळा करायला सुरुवात केली.

पहिलं मत न मागता मिळालं. महानंदाबाई सुपात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, फोन लागायलाय ना? लागतोय, अप्पा म्हणाले. मग लागत्या फोनला हात कशाला लावता, असं बाई म्हणाल्या आणि तुरीतला खडा बाहेर टाकला. पुढं जे काही झालं ते बघता सबंध प्रकरणातलं हे एकमेव शहाणपणाचं मत होतं. पण ते घरातलं असल्यामुळे अप्पांनी त्याची नोंद केली नाही.

दुसरे तज्ज्ञ शेजारचे व्यंकटराव. हे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी फोन हातात घेतला आणि संदेशाखाली सही कुणाची आहे, ते शोधलं. सही नव्हती. जावक क्रमांक नव्हता. सही नसलेल्या कागदावर व्यंकटरावांनी आयुष्यात कधी पाटाचं दारसुद्धा उघडू दिलं नव्हतं. तेव्हा आधी कंपनीला रीतसर अर्ज करावा असं ठरलं. ‘विषय, संदर्भ, महोदय’ करत दोघांनी गुरुवारची अख्खी दुपार घालवली आणि फोनला काही झाल्यास जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, असा सवाल टाकून अर्ज पाठवला. एका मिनिटात उत्तर आलं की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. व्यंकटराव हबकले. चौतीस वर्षांच्या नोकरीत एका मिनिटात आलेलं उत्तर त्यांनी पाहिलं नव्हतं. ज्या कंपनीत कुणाला इतकी फुरसत आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नये, असं मत त्यांनी नोंदवलं.

तिसऱ्या धम्मशीलाबाई. या समोरच्या घरात राहतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत. अख्ख्या पूर्णा गावात, कदाचित अख्ख्या जिल्ह्यात, फोनवरच्या अटी मुळापासून शेवटापर्यंत वाचणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात. त्यांनी अप्पांना त्या अटींची अकरा पानं छापून आणायला लावली आणि शुक्रवारी संध्याकाळी लाल पेनाच्या खुणा करून परत दिली. सार एवढंच होतं की बीटामध्ये जाता येतं, पण परत यायचं म्हटलं तर फोनमधलं सगळं पुसून यावं लागतं. अप्पांना हा एकेरी मार्ग पसंत पडला नाही.

शेवटी ते स्टेशन रोडवर मुंजाजीच्या मोबाईल दुकानात गेले. मुंजाजीनं आपल्या स्वतःच्या फोनवर बीटा घेतला होता आणि तो फोन इतका तापत होता की त्यानं तो फडक्यात गुंडाळून ठेवला होता. “अप्पा, कच्ची भाकर हाय ती,” मुंजाजी म्हणाला. “ज्याला भूक धरवंना त्यानंच खावी. तुमी जेवलेले माणूस.”

अप्पा जेवलेले होते हे खरं. पण निवड झालेल्या माणसाला जेवून भागत नाही. चार दिवसांत रजिस्टरची नऊ पानं भरली होती, आणि निर्णय जिथल्या तिथं होता. घ्यावा तर फोन बिघडण्याची भीती, आणि न घ्यावा तर निवड वाया जायची. शनिवारी जेवताना त्यांनी दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घेतलं नाही.

रविवारी दुपारी मात्र त्यांना एकदम आठवलं ते पायलट इंजिन. पूर्वी मोठ्या पाहुण्यांची खास गाडी जायची असली की तिच्या पुढं रिकामं इंजिन सोडत. रूळ कुठं उखडला असेल, कुठं काही घात असेल, तर आधी इंजिन जाईल आणि पाहुणे वाचतील. चुडाव्याला असताना अप्पांनी स्वतः असं एक इंजिन सोडलं होतं, आणि ती हकिगत ऐकलेली नाही असा माणूस कॉलनीत शिल्लक नव्हता.

आता घरात फोन दोन होते. पुण्याच्या शिवरंजनीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, आईबापांत भांडण नको म्हणून दोघांना एकाच कंपनीचे एकसारखे फोन दिले होते. दोन्ही एकाच खात्यावर होते, त्यामुळे अप्पांची निवड दुसऱ्या फोनलाही चालत होती. अप्पांच्या फोनमध्ये पेन्शनची कागदपत्रं, गाड्यांची वेळापत्रकं आणि निवृत्त रेल्वे बांधवांच्या गटाचं प्रमुखपद होतं. ही झाली खास गाडी. महानंदाबाईंच्या फोनमध्ये, अप्पांच्या मते, काहीच नव्हतं. रांगोळ्यांची चित्रं होती, चटण्यांच्या कृती होत्या, आणि रोजची ठरलेली वाहतूक म्हणाल तर सकाळी सातला पिंगळीहून येणारा एक मिस्ड कॉल.

या मिस्ड कॉलबद्दल सांगायला पाहिजे. महानंदाबाईंच्या आई शिवकांताबाई एक्याऐंशी वर्षांच्या. मालक गेल्यापासून त्या पिंगळीला एकट्याच राहतात आणि घर सोडून यायला तयार नाहीत. तेरा वर्षांपूर्वी त्यांना बटणांचा फोन घेऊन दिला, तेव्हा बोलायला पैसे पडत. म्हणून त्यांनीच कायदा घालून दिला. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपायची आणि सातला लेकीला एक रिंग देऊन फोन तोडायचा. एक रिंग म्हणजे उठले, ठीक आहे. दोन म्हणजे तू फोन कर. तीन म्हणजे निघून ये. पुढं बोलणं फुकट झालं, पण फुकटच्या कुठल्याच वस्तूवर शिवकांताबाईंचा विश्वास नव्हता. कायदा तसाच राहिला. ती एक रिंग वाजली की महानंदाबाई देवापुढं हात जोडून चहाचं आधण ठेवत, आणि तोवर घरात कुणाला चहा मिळत नसे.

त्या रविवारी संध्याकाळी महानंदाबाई हळदीकुंकवाला गेल्या तेव्हा त्यांचा फोन घरीच होता. ड्रायव्हर आणि गार्डला न सांगता इंजिन सोडणं रेल्वेच्या कुठल्याही नियमात बसत नाही, हे अप्पांना चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी ते सोडलं, म्हणजे बाईंच्या फोनवर बीटा घेतला. चाळीस मिनिटं गेली. फोन बंद पडला, परत चालू झाला, चित्रांचे रंग थोडे बदलले आणि बाकी सगळं होतं तसंच दिसलं. अप्पांनी रजिस्टरमध्ये ‘१८.५२, पायलट सुरक्षित पोचले’ अशी नोंद केली. एक दिवस वाट बघावी आणि मग खास गाडी सोडावी असा त्यांचा बेत होता. तशी जादा मुदत मुंजाजी मिळवून देणार होता.

आता या नव्या सिस्टीमला एक शहाणपण शिकवलेलं होतं. त्रास देणारे फोन तिनं स्वतःच ओळखायचे, मालकाला न कळवता उचलायचे, आणि समोरच्याला नाव व कारण विचारायचं. रोज ठरल्या मिनिटाला येणारा आणि एका रिंगेत तुटणारा फोन तिच्या हिशेबात कुठल्याच सभ्य माणसाचा असू शकत नव्हता. तिला बिचारीला पिंगळीची पद्धत कुणी सांगितली असणार?

सोमवारी सात वाजले आणि फोन वाजला नाही. सव्वासात झाले. महानंदाबाईंनी आधण ठेवलं नव्हतं. साडेसातला त्यांनी फोन उघडून बघितला, तर आलेल्या फोनच्या यादीत कालचीच रिंग वर होती. त्यांनी आईला फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला, तेच. मग पिंगळीच्या शेजाऱ्याला, सटवाजीला लावला. तो कापूस घेऊन मानवतच्या बाजारात उभा होता. काल सांजच्याला तर मावशी ओट्यावर बसल्या होत्या, आजचं काही ठाऊक न्हाई, असं तो म्हणाला.

“तेरा वर्षांत एक दिवस चुकली न्हाई माय,” महानंदाबाई म्हणाल्या. “बरं न्हाई म्हणावं तर तीन रिंगा दिल्या असत्या. द्यायला हात तर उठला पायजे.”

त्या रडल्या नाहीत. पण दाराला कुलूप न लावताच त्या रस्त्याला लागल्या, तेव्हा अप्पांनी मागं राहून ते लावलं. फोनला आपण हात लावला होता हे त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. अप्पांच्या ओठांवर आलंही होतं. पण सगळं सुरक्षित पोचल्याची नोंद त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली, आणि नोंद खोटी असू शकते हे मानायला ते अजून तयार नव्हते.

आठच्या पॅसेंजरला दोघं बसले. महानंदाबाई आतल्या बाजूला मान खाली घालून पुन्हा पुन्हा आईचा नंबर लावत होत्या. मिरखेलच्या अलीकडं समोरून पूर्णेकडं जाणारी गाडी धडधडत आली. पूर्वी एकेरी मार्ग होता तेव्हा मिरखेलला क्रॉसिंग पडायचं. एक गाडी थांबायची, दुसरी जायची, माणसं खिडकीतून एकमेकांची खुशाली विचारायची आणि भजी घ्यायची. आता मार्ग दुहेरी झाला आहे. गाड्या थांबत नाहीत, नुसत्या एकमेकींच्या अंगावरून निघून जातात. अप्पांचा हात मात्र सवयीनं वर गेला आणि ‘सगळं ठीक’चा इशारा देत समोरची गाडी संपेपर्यंत हलत राहिला.

पिंगळीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. महानंदाबाईंनी ते ढकललं आणि उंबऱ्यातच थांबल्या. आत जायचा त्यांना धीर होईना. अप्पा पुढं झाले. खाटेवर वाकळ नीट घडी करून ठेवलेली होती, पूजेची जागा ओली होती, विभूतीचं पात्र उघडं होतं. कोनाड्यात फोन चार्जरला लावलेला. शिवकांताबाई फोन कधी सोबत नेत नसत, घरचा फोन घरीच असावा या मताच्या त्या होत्या. माणूस होतं आणि चालतं बोलतं कुठंतरी गेलेलं होतं. अप्पांनी तसं सांगितलं, तेव्हा महानंदाबाई पायरीवर बसल्या आणि तोवर अडवून धरलेलं सगळं रडून घेतलं.

स्टेशनजवळच्या हॉटेलवाल्यानं उरलेली माहिती पुरवली. मावशी सकाळच्या गाडीनं पूर्णेला गेल्या. काठी घेऊन गेल्या, आणि जावायाचा बंदोबस्त करायला जायलेय असं जाताना चार माणसांत सांगून गेल्या.

पिंगळीच्या घरी परत येऊन अप्पांनी कोनाड्यातला फोन बघितला. सातला, सात वाजून दोन मिनिटांनी आणि सात वाजून पाच मिनिटांनी महानंदाबाईंचा नंबर लागलेला होता, तिन्ही वेळा कुणीतरी उचललेला होता. तेव्हा त्यांना सगळं समजलं आणि सांगावं लागलं. निवड, रजिस्टर, पायलट इंजिन, हळदीकुंकवाच्या वेळी वापरलेला त्यांचा फोन, सगळं. महानंदाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला.

“माझ्या?”

पिंगळी ते पूर्णा त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. अप्पांनी शेंगा घेतल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. अंतर अर्ध्या तासाचं आहे, पण त्या दिवशी ते अप्पांना मनमाडपर्यंतचं वाटलं.

घरी पोचले तर व्यंकटरावांच्या व्हरांड्यात बैठक भरलेली होती. मधल्या खुर्चीत शिवकांताबाई काठी आडवी धरून बसल्या होत्या, शेजारी दुपारच्या सुट्टीत आलेल्या धम्मशीलाबाई होत्या, आणि व्यंकटरावांनी वृद्धेचं निवेदन कागदावर उतरवून घेऊन त्याखाली अंगठासुद्धा उठवून घेतला होता. निवेदनात तीन मुद्दे होते. लेकीच्या फोनवर परकी बाई बोलते. ती बाई माझ्याच लेकीच्या घरात मला नाव आणि काम विचारते. आणि मिरखेलजवळ जावई गाडीच्या खिडकीतून हात हलवीत, खुशीत पळून जाताना समक्ष पाहिला.

“जावाईबापू, शरणार्थ,” शिवकांताबाई म्हणाल्या. त्यांच्या घरात कितीही राग आला तरी नमस्कार चुकत नाही. “आमची लेक कुठं ठिवली?”

मग मागून येणारी लेक त्यांना दिसली आणि काठी खाली पडली. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, दोघी एकाच वेळी एकमेकींवर रागावल्या, आणि तेवढ्या गडबडीत अप्पांनी बीटा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. व्यंकटरावांनी निवेदनावर ‘खुलासा प्राप्त’ असा शेरा मारला. धम्मशीलाबाईंनी महानंदाबाईंचा फोन मागून घेतला. अटींच्या सातव्या पानावर त्यांनी वाचलं होतं की अशी बोलणी फोन एका वेगळ्या कप्प्यात साठवून ठेवतो. कप्पा सापडला. त्यात तीन नोंदी होत्या.

पहिलीत बातम्यांतल्यासारखा एक शुद्ध आवाज म्हणाला, “नमस्कार. कृपया आपले नाव आणि फोन करण्याचे कारण सांगा.” त्यावर शिवकांताबाईंनी तू कोण गं, असं विचारून फोन तोडला होता. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या होत्या की मी तिची माय, तिला दे. बाईनं पुन्हा कारण विचारलं होतं. तिसऱ्या नोंदीत बराच वेळ काहीच ऐकू येईना. नुसता कोंबडा आरवल्याचा आवाज आला. मग शिवकांताबाई बोलायला लागल्या.

“कारण काय असतंय. उठले म्हणून सांगायचं व्हतं. गुडघा लय दुखायलाय, आठ दिस झाले. पाण्याची घागर उचलना, तांब्या तांब्या भरायलेय. लिंबं लागलीत झाडाला, खाली पडून वाया जायलीत, तोडावं कुणी. दिवाळीपसून आली न्हाई ती. यील म्हणून कुरवड्या ठिवल्यात डब्यात, त्या मुंग्या खायल्या. तू कोण का असंना, पण हे तिच्या कानावर घाल. आन तू तिच्या घरात काय करायलीस, ते मी येऊन बघते.”

व्यंकटरावांनी निवेदनाचा कागद घडी करून खिशात ठेवून दिला.

“माय, मला का न्हाई गं सांगितलंस हे?” महानंदाबाईंनी विचारलं.

“तू कवा इचारलंस?” शिवकांताबाई म्हणाल्या. त्या रागानं म्हणाल्या नाहीत, साधं विचारावं तसं म्हणाल्या. “तुला एका रिंगेत समजत व्हतं सगळं. तिनं तिनदा इचारलं.”

त्या आठवडाभर पूर्णेला राहिल्या. गुडघा दाखवून झाला, पट्टा मिळाला. फोन पुन्हा जुना करायचा तर आतलं सगळं पुसलं जाणार, आणि त्यात आता ते बोलणंही होतं. तेव्हा महानंदाबाईंनी मुंजाजीला नुसती ती परकी बाई बंद करायला सांगितली. शिवकांताबाई पिंगळीला परतल्यावर पहिल्याच सकाळी सातला रिंग आली आणि महानंदाबाईंनी ती तुटायच्या आत उचलली. पलीकडून नापसंतीचा आवाज आला. ती बाई कुठं गेली, असं विचारणं झालं. बंद केली म्हटल्यावर शिवकांताबाईंनी हुकूम दिला की चालू कर. ती पुरतं ऐकून घेती, तू मधीच दूध उतू जायलंय म्हणतीस.

बाई परत चालू झाली. आता रोज सकाळी शिवकांताबाई तिला सगळी हकिगत सांगतात, महानंदाबाई चहा घेताना ती ऐकतात, आणि मग आईला फोन लावून एकेका मुद्द्याचं उत्तर देतात. दर रविवारी दोघं पॅसेंजरनं पिंगळीला जातात. अप्पा शिडीवर चढून लिंबं तोडतात. त्यांना उंचीची भीती वाटते, पण हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

अप्पांशी मात्र महानंदाबाई कामापुरतंच बोलत होत्या. जेवायला वाढलंय, दूधवाला आलाय, एवढंच. माफी मागावी असं अप्पांना रोज वाटायचं. पण स्टेशन मास्तराला लेखी खुलासा देता येतो, तोंडानं माफी मागणं त्याच्या शिकवणीत नसतं. दोन वेळा ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले.

शेवटी त्यांनी एक युक्ती केली. रोज सकाळी साडेआठला ते फिरायला म्हणून स्टेशनवर जात, तीन नंबरच्या फलाटावर बाकावर बसत आणि महानंदाबाईंना एक रिंग देऊन फोन तोडत. पहिले पाच दिवस फोन नुसता वाजला. सहाव्या दिवशी सिस्टीमला त्यांचा संशय आला. रिंग वाजलीच नाही. तो बातम्यांतला आवाज त्यांच्या कानात म्हणाला की कृपया आपले नाव आणि फोन करण्याचे कारण सांगा.

अप्पांनी इकडंतिकडं बघितलं. फलाटावर एक हमाल झोपलेला होता.

“राजेश्वर एकलारे,” ते हळूच म्हणाले. “कारण असं की, चूक झाली. तुझा फोन रिकामा समजलो मी. तुझ्या मायला आणि तुला खामखा त्रास झाला. पुन्हा असं करणार न्हाई.” मग आणखी काही सुचेना, म्हणून त्यांनी सवयीनं तारीख आणि वेळ सांगितली आणि फोन ठेवला.

ते घरी आले तेव्हा महानंदाबाई तूर निवडत बसल्या होत्या. फोन सुपाशेजारी पालथा होता. अप्पांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि वर्तमानपत्र उघडलं. बऱ्याच वेळानं बाई उठल्या, चहा केला आणि कप त्यांच्यापुढं ठेवला. त्याच्यासोबत बशीत कुरवड्या होत्या, ताज्या तळलेल्या.

“ती बाई म्हणायली,” महानंदाबाई म्हणाल्या, “आवाज लय बारीक येतोय. उद्याच्याला परत सांगा, जरा मोठ्यानं.”